वीतभर अंतरावरून

पौर्णिमेच्या रात्री आमच्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एका खिडकीच्या ग्रिलमध्ये स्टीलचं ताट ठेवलेलं दिसतं. तुळशीची कुंडी, चिमण्यांसाठी पाण्याची वाटी, कोपऱ्यात दुमडून ठेवलेली शिडी, आणि महिन्यातून एकदा हे ताट. घाटकोपर पूर्वेला आभाळ तसं बेतानंच मिळतं. समोर इमारत, तिच्यामागे नव्या टॉवरची क्रेन, आणि त्यांच्यामधल्या फटीतून चंद्र थोडाच वेळ आमच्या बाजूला येतो. तेवढा वेळ ओळखून ताट सरकवलं जातं. आधी डाव्या कोपऱ्यात, मग कुंडीच्या पुढे. ताटात दगड असतात. फिकट गुलाबी, जांभळे, दुधी, मधाच्या रंगाचे, काही अगदी नितळ. बरेचसे कांडीच्या आकाराचे घडलेले. बोटाएवढे जाड, वितीपेक्षा थोडे आखूड, एका टोकाला गोल आणि दुसऱ्या टोकाला पैलू पाडून निमुळते केलेले.

ज्यांचं हे ताट, त्यांना सगळी इमारत ‘बेन’ म्हणते. त्या या कांड्यांना वाँड म्हणतात. नव्वदच्या दशकात मुंबईत जिकडेतिकडे रेकीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा त्या रेकी शिकल्या आणि पुढे दगडांकडे वळल्या. शरीरात सात चक्रं, प्रत्येकाचा एक रंग, त्या रंगाचा एक दगड. माणसाला आडवं निजवायचं, वाँडचं टोक डोक्यापासून पायांपर्यंत सावकाश न्यायचं, कुठे काही अडलंय असं जाणवलं की थांबायचं, तिथल्या तिथे टोक गोल फिरवायचं. गोल बाजूनं तळपाय आणि तळहात दाबायचे. चक्रांना इंद्रधनुष्याचे रंग असे ओळीनं वाटून देणं जुन्या तंत्रग्रंथांत सापडत नाही. ते गेल्या शतकात पश्चिमेकडे रुजलं आणि तिकडून फिरून आपल्याकडे आलं. बेनना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “येऊ दे ना. घरचंच आहे, फिरायला गेलं होतं.”

मला बेनच्या पद्धतीपेक्षा त्यांची दगडांशी वागण्याची रीत आधी आवडली. सेलेनाइटची पांढरी, रेशमी धारांची कांडी त्या कधी पाण्याखाली धरत नाहीत. सेलेनाइट म्हणजे जिप्समच, नखानंही चरा पडेल इतकं मऊ, आणि पाण्यात हळूहळू झिजणारं. जांभळा ॲमेथिस्ट त्या कडक उन्हात ठेवत नाहीत, कारण त्याचा रंग उतरतो. क्वार्ट्झ मात्र नळाखाली बिनधास्त धुतात. त्याचा कठीणपणा सात, चाकूचं पातंही त्याला ओरखडत नाही. चांदण्याचा नियम श्रद्धेतून आला आणि पाण्याचा नियम दगडाच्या घडणीतून. बेन दोन्ही सारख्याच निष्ठेनं पाळतात. वस्तू इतक्या निगुतीनं हाताळणारं माणूस हल्ली फारसं दिसत नाही.

आमच्या घरी ही कांडी आली ती आईच्या नागिणीमुळे.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून बसतो, आणि पन्नास-साठ वर्षांनी, अंगातली ताकद कमी झाली की, एकाच तंतूच्या वाटेनं बाहेर येतो. पाठीपासून छातीपर्यंत, एकाच बाजूला, पुरळाचा पट्टा. आईला त्या दुखण्याहून जास्त भीती होती ती जुन्या समजुतीची. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस राहत नाही, असं तिनं कोकणातल्या घरी ऐकलेलं. रोज सकाळी ती मला पट्ट्याची दोन्ही टोकं बघायला लावायची. त्वचेच्या डॉक्टरांनी तिला कागदावर चित्र काढून दाखवलं: उजव्या बाजूचा तंतू उजवीकडेच राहतो, मधली रेषा तो ओलांडत नाही, मग टोकं जुळणार कुठून? तो कागद तिनं उशीखाली ठेवला. औषधोपचारांमध्ये मी त्या कागदालाही धरते.

पुरळ गेलं, खपल्या पडल्या, आणि दुखणं मात्र राहिलं. असं होतं, वय झालेल्यांना जास्त होतं. तंतू स्वतःच दुखावलेला असतो, त्यामुळे जे स्पर्शाचं ते त्याला वेदनेचं वाटतं. आईला पदर सहन होईना. ब्लाउज तर नाहीच; माझा जुना सुती गाऊन ती उलटा घालायची, म्हणजे शिवण टोचणार नाही. पंख्याचा वारा लागला तरी ती आक्रसायची. गंमत अशी की दाबून धरलेली उशी चालायची, पण पिसाएवढा हलका स्पर्श चालायचा नाही. मेंदूविकारांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यांनी गुंगी यायची, दुखणं कमी व्हायला वेळ लागणार होता. मधल्या काळात घरात एक विचित्र अडचण होऊन बसली. आईला जवळ घेता येत नव्हतं. तिला उठवताना हात कुठे धरायचा, पाठीवरून हात फिरवायची इतक्या वर्षांची सवय कुठे टाकायची, कळत नव्हतं. आम्ही तिच्याभोवती वावरायचो ते अंतर राखून. ती ते बघायची.

बेन एका दुपारी आल्या. हातात जांभळी कांडी, खांद्यावर पंचा. म्हणाल्या, “मासी, हात नाही लावणार. वरूनच.” आई त्यांना बेन म्हणते आणि त्या आईला मासी. आई कुशीवर वळली. बेननी पंखा बंद केला, पलंगाच्या कडेला बसल्या, आणि पाठीपासून वीतभर अंतर ठेवून कांडी त्या पट्ट्याच्या वाटेनं नेऊ लागल्या. मणक्यापासून बगलेखालून छातीपर्यंत. मग पुन्हा मणक्यापासून. आईचा खांदा आधी ताठ होता, आता काही टेकेल या भीतीनं. टेकलं काही नाही. खांदा उतरला. थोड्या वेळानं बेननी कांडीची गोल बाजू तिच्या तळहातावर ठेवली, जिथे दुखत नव्हतं तिथे, आणि बोटं मिटून घ्यायला सांगितलं. आई म्हणाली, “गार आहे गं.” आणि झोपली.

त्या गारव्याचा मी नंतर बराच विचार केला. तो मनाचा खेळ नाही. क्वार्ट्झमधून उष्णता काचेपेक्षा कितीतरी भरभर वाहून जाते. म्हणून एकाच खोलीत ठेवलेली काचेची कांडी आणि स्फटिकाची कांडी हातात घेतली तर स्फटिक जास्त गार लागतो, आणि जास्त वेळ गार राहतो. जुने जवाहिरे खडा गालाला किंवा ओठाला लावून बघत, काच की स्फटिक ते त्यांना तिथेच कळे. शिवाय वजन. त्या कांडीला तिच्या आकाराच्या मानानं हातात भरण्याजोगं वजन आहे. दुखणाऱ्या माणसाला सगळं शरीर परकं झालेलं असतं, अशा वेळी मुठीत काहीतरी गार, जड आणि गुळगुळीत असणं ही फार मोठी गोष्ट आहे. तिथे चक्रांची गरज मला वाटली नाही, पण बेनना वाटते, आणि त्या येतात त्या त्या वाटण्याच्या बळावर. ते मी कसं विसरू?

खरं तर आमच्या घरात दगडानं बरं करणं नवं नव्हतं. माझ्या भावंडांची बाळगुटी सहाणेवर उगाळली गेली. हिरडा, बेहडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ. प्रत्येकाचे ठरलेले वेढे, आणि मधेमधे बोटानं सोडलेला दुधाचा किंवा पाण्याचा थेंब. ती सहाण अजून आहे, मधोमध खोलगट झालेली. कंबर धरली की आजी वीट चुलीत तापवून, फडक्यात गुंडाळून शेक द्यायची. नागीण झाली की गेरू पाण्यात कालवून लेप. आयुर्वेदाच्या रसशास्त्रात तर रत्नं पोटात देण्याचं अख्खं शास्त्र आहे. प्रवाळ पिष्टी, मोती पिष्टी, अकीक पिष्टी; गुलाबपाण्यात दिवसचे दिवस खलून केलेली पूड. ती आजही आयुर्वेदिक औषधांच्या दुकानांत मिळते. या सगळ्यांत दगड झिजतो, थोडा थोडा माणसात जातो किंवा माणसाला ऊब देतो. वाँड तशी नाही. ती काही देत नाही, काही घेत नाही, नुसती जवळ असते. आईला त्या महिन्यांत नेमकं तेवढंच चालत होतं.

क्वार्ट्झच्या बाजूनं बोलणारे लोक नेहमी एक खरी गोष्ट सांगतात. पिएर आणि जाक या क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवून दिलं की क्वार्ट्झसारखे स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठावर विद्युतभार येतो. त्याच्याच उलट, विजेनं क्वार्ट्झ थरथरतो, आणि इतका नेमका थरथरतो की त्यावर घड्याळं चालतात. मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातली चिमुकली पट्टी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते. बाबांचं एच.एम.टी.चं क्वार्ट्झ घड्याळ अजून कपाटात आहे. पण घड्याळातला क्वार्ट्झ एका ठरावीक कोनात कापलेला असतो, त्याला बॅटरी जोडलेली असते. माणसाच्या पाठीवरून फिरवलेल्या कांडीला यातलं काहीच नसतं. लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फ्रेंच यांनी २००१ साली एक प्रयोग मांडला होता. ८० जणांच्या हाती दगड दिले, निम्म्यांना खरे स्फटिक, निम्म्यांना दिसायला तसेच नकली. ऊब, झिणझिण्या, मनाची शांती, सगळं दोन्हीकडे सारखंच जाणवलं. ज्याची आधी कल्पना दिली होती तेच लोकांना जाणवलं. मी हे वाचून निराश झाले नाही. माणसाला कुणी शांतपणे सांगितलं की आता तुला बरं वाटेल, आणि हातात काही दिलं, की बरं वाटतं, ही माणसाबद्दलची चांगली बातमी आहे.

राग येतो तो वेगळ्याच लोकांचा. मधुमेह, कर्करोग, किडनी, सगळ्यावर दगड सुचवणारे आणि गोळ्या बंद करायला लावणारे. उपनगरांत अशी माणसं आहेत, आणि घाबरलेला माणूस त्यांच्या दारात जातोच. बेन आल्या की पहिला प्रश्न असायचा, “मासी, दुपारची गोळी घेतली?” घेतली नसेल तर त्या आधी पाण्याचा ग्लास आणायच्या. त्यांच्यावर माझा विश्वास बसला तो तिथे.

एकदा आईच्या हातातली कांडी उजेडात धरून बघताना तिच्या पोटात एक धुरकट पडदा दिसला, आणि त्याखाली धाग्यासारख्या आडव्या रेषा. दगड वाढतो कसा, हे मी वाचायला लागले ते तेव्हापासून. वाचत गेले तसं लक्षात आलं की आम्ही ज्याच्यावर राहतो ती जमीनच स्फटिकांनी भरलेली आहे. अंधेरी पश्चिमेचा गिल्बर्ट हिल सगळ्यांना ठाऊक आहे, निदान लांबून. सुमारे दोनशे फूट उंच, उभ्या खांबांचा काळा कातळ, माथ्यावर गावदेवीचं देऊळ, आणि चारी बाजूंनी इमारती त्याच्या अंगाला भिडलेल्या. सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होताना लाव्हा आकसला आणि त्याचे असे खांब झाले. त्याच काळातल्या लाव्हाच्या थरांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं, खडकातली सिलिका आणि चुना विरघळवून आणत राहिलं, आणि कुणी बघायला नसताना आत स्फटिक वाढत गेले. बाहेरून दगड साधा, काळा. फोडला की नारळासारखा आतून पांढरा.

कांदिवलीच्या खदानींचं नाव जगभरच्या खनिज जमवणाऱ्यांना ठाऊक आहे. तिथे फिकट हिरवा प्रेहनाइट निघाला, मण्यांसारखा गोल गायरोलाइट निघाला, काळाभोर चमकता बॅबिंग्टोनाइट निघाला. परदेशी संग्रहांत त्यांच्या चिठ्ठ्यांवर अजून ‘बॉम्बे’ लिहिलेलं असतं. मालाडचा पिवळसर दगड आणि कुर्ल्याचा काळा दगड शहरात गेले. फोर्टमधल्या वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत दोघे शेजारी शेजारी बसलेत. पण पोकळ्यांतले ते स्फटिक मुंबईकरांनी फारसे पाहिलेच नाहीत. खडी फोडताना ते खडीतच गेले. आमच्या पायांखालच्या भरावात, मुलुंड-बोरिवलीच्या रस्त्यांत, कुणाच्या तरी घराच्या स्लॅबमध्ये ते असतील. ज्यांना ते डोळे भरून बघायचेत त्यांनी नाशिकजवळ सिन्नरला जावं. तिथल्या गारगोटी संग्रहालयात दख्खनच्या पोटातले झिओलाइट्स मांडून ठेवलेत, आणि पुण्याजवळ वाघोलीच्या खदानींतला कॅव्हन्साइट, इतका निळा की दगडाला एवढा निळा होण्याचा हक्क कुणी दिला असं वाटावं.

खदान म्हटलं की मला वडारांच्या वस्त्या आठवतात. मोठे घण घेऊन खडक फोडणारे पुरुष, उन्हात बसून खडी बारीक करणाऱ्या बाया, गोधडीच्या सावलीत निजवलेलं मूल, आणि सगळ्यांच्या केसांवर बसलेली राखाडी भुकटी. पाट्याला टाकी लावायला दारावर येणारी बाईही तशीच. छिन्नीचा एकसारखा टक-टक आवाज, आणि काम झाल्यावर ती पाट्यावर जोरात फुंकर मारायची. धूळ उडून तिच्याच तोंडावर यायची. आम्ही मुलं ते मजेत बघत उभी असू.

बेनच्या कांड्या कुठून येतात हे मी खूप उशिरा विचारलं. त्या म्हणाल्या, “खंबातहून. आमचं सासर तिकडेच ना.” घाटकोपरच्या गुजराती घरांत खंबात हे नाव हलव्यासाठी, सुतरफेणीसाठी घेतलं जातं, अकीकासाठीही घ्यायला हवं. नर्मदेकाठच्या भागात, भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला, जमिनीत खड्डे खणून अकीक काढतात. तो उन्हात वाळवतात, मातीच्या मडक्यांत घालून मंद आगीत भाजतात, म्हणजे त्याच्यातलं लोह जागं होऊन पिवळट दगड तांबडा होतो. घडणावळीची रीत तर विलक्षण आहे. जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी सळई, तिच्या टोकावर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनं वरून हलकेच ठोकायचं. कपचा उडतो तो हातोडीच्या बाजूनं नाही, सळईच्या बाजूनं. जोनाथन मार्क केनोयर यांच्यासारख्या पुराविदांनी खंबातच्या कारागिरांजवळ बसून हे काम टिपून ठेवलं, कारण हडप्पा काळातले लांबट तांबडे मणी कसे घडले असतील याचं उत्तर याच गल्ल्यांत अजून जिवंत होतं. असे मणी साडेचार हजार वर्षांपूर्वी समुद्रापार मेसोपोटेमियात, ऊरच्या राजघराण्याच्या थडग्यांपर्यंत पोचले होते.

आणि आमचाही त्यात वाटा आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहून ठेवलंय, की पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांत भरून, बिकट वाटांनी, भरूचच्या बंदराला येतात. सातवाहनांच्या काळात गोदावरीच्या काठचा दगड बैलगाडीनं घाट उतरून गुजरातेत जात होता. आज तिकडचा दगड ट्रकनं येऊन घाटकोपरच्या चौथ्या मजल्यावर, एका मराठी बाईच्या मुठीत निजतो. रतनपूरच्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी लोकांचे ते पीर, अकीकाचा धंदा त्यांनीच घालून दिला असं मानतात, आणि त्यांच्या दारात मनानं आजारी, बाधा झालेली माणसं बरी व्हायला येतात. दगड आणि बरं होणं यांची गाठ तिथेही पडलेली.

पण खंबातबद्दल वाचताना एका ठिकाणी मी थांबले, आणि अजून थांबलेलीच आहे.

दगडाला आकार आला की तो फिरत्या चाकावर घासावा लागतो. आईच्या तळहाताला जो गुळगुळीतपणा आवडला, तो त्या चाकावर तयार झालेला असतो. घासताना जी धूळ उडते ती शुद्ध सिलिकेची, डोळ्यांना दिसतही नाही इतकी बारीक. ती छातीत जाते आणि तिथून निघत नाही. फुप्फुसावर वण धरत जातात, श्वास आखूड होत जातो. याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर औषध नाही, आणि तो झालेल्यांना क्षयही लवकर गाठतो. खंबात आणि शेजारच्या शकरपूर गावात घासणारे बरेच जण घरातच चाक लावून बसत आलेत, त्यामुळे घरातली बाई, पाळण्यातलं मूल, शेजारी, सगळे तीच हवा घेतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं तिथे तपासण्या केल्या, तेव्हा ज्यांनी आयुष्यात एकही दगड घासला नव्हता अशा लोकांच्या छातीतही ही धूळ सापडली.

त्यानंतर जांभळी कांडी हातात घेतली की मला तिचे पैलू मोजता येईनात. प्रत्येक पैलूला कुणीतरी श्वास दिलेला. वीतभर अंतरावरून आईला आराम देणारी ती वस्तू कुणाच्या तरी तोंडापासूनही वीतभरच अंतरावर घासली गेली असणार. हे बेनना सांगावं की नाही यात बरेच दिवस गेले. त्यांच्या दुपारच्या येण्यानं आईला जे मिळत होतं त्याला धक्का लावायची माझी तयारी नव्हती. पण आई सावरली, पदर घ्यायला लागली, पंखा एक नंबरवर चालायला लागला. तरी बेन येत राहिल्या, आता मुख्यत्वे गप्पांना. तशा एका दुपारी मी बोलले.

त्या बराच वेळ काही म्हणाल्या नाहीत. कांडी ओढणीच्या टोकानं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, “लग्न होऊन गेले तेव्हा त्या गल्लीत रात्री सगळीकडून खोकला यायचा. सासू म्हणायच्या, इकडची हवा दम्याची आहे.” आणि थोड्या वेळानं, “हवाच होती म्हणजे.”

मी म्हटलं, नवीन मागवणं बंद करायचं का? त्यांनी मान हलवली. मागणी थांबली तर चाक थांबेल, आणि चाक थांबलं तर त्या घरांची चूल. घासणाऱ्याला तुकड्यावर पैसे मिळतात, बसून राहिला तर काहीच नाही. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. चांदण्यात ठेवून, धूप दाखवून, मिठात पुरून त्या इतकी वर्षं त्या दगडांवरून न जाणे काय काय उतरवत आल्या होत्या. आणि हे उतरवायचं कसं, ते त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. माझ्याही नव्हतं.

आई पलंगावरून सगळं ऐकत होती. म्हणाली, “कोरडं घासतात का ते?”

बेन म्हणाल्या, काही ठिकाणी पाणी असतं, काही ठिकाणी कोरडंच.

“कोरडं कोण उगाळतं?” आई म्हणाली. सहाणेवर आधी पाणी सोडतात, मग हळकुंड टेकवतात, हे तिला सांगायची गरज वाटली नाही. पाण्याची धार सोडली की धूळ उडत नाही, चाकाला आडोसा करून ती ओढून घेणारा पंखा लावला की आणखी कमी होते, हे मी वाचलं होतं. पण पाणी लावलं की चाक संथ चालतं, तुकडे कमी होतात, पंख्याला वीज लागते, आडोशाला पैसे. ते कुणी द्यायचे? व्यापाऱ्यानं, सरकारनं, की शंभर-दोनशे रुपयांना कांडी विकत घेऊन शांत झोपणाऱ्या आमच्यासारख्या माणसांनी? मला वाटतं आम्हीही, आणि मला ते द्यायचे आहेत, फक्त ते त्या चाकापर्यंत कसे पोचवायचे हे कळत नाही. दुकानदाराला विचारलं तर त्याला माल कुठल्या गल्लीतला हेच ठाऊक नसतं.

बेननी तिथेच बसून खंबातला जेठांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलला नाही. “झोपले असणार. पाच वाजता उठतात, तेव्हा विचारते, पाणीवाले कोण कोण आहेत,” असं म्हणून त्यांनी फोन पिशवीत टाकला, कांडी काढली, आणि आईला म्हणाल्या, “चला मासी. आज पाय देऊ का आधी?”